प्रवासातील गारवा : जीपमधील शीतपेटी कशी निवडावी



या व्यासपीठावरून आपण संतांविषयी ऐकले आहे, शिवकालाविषयी ऐकले आहे, कांद्याच्या भावाविषयी तर दरसाल ऐकतच असतो. अशा ठिकाणी उभे राहून एका पेटीविषयी तासभर बोलावयाचे, हे आम्हांसही प्रथम अंमळ चमत्कारिकच वाटले. विषय कळविला तेव्हा चालकांनी विचारले, "पेटी म्हणजे हार्मोनियम ना? साथीला तबला सांगावयाचा काय?" नव्हे. आमची पेटी सुरांची नव्हे, थंडीची आहे. जीपमध्ये ठेवून रानावनांतून, घाटांतून नेता येईल असा लहान फ्रिज कसा निवडावा, एवढाच आजचा विषय.

आता येथे "आम्ही" म्हणजे कोण, हे सांगितले पाहिजे. पिंपळनेरची आम्ही पाच मंडळी. दोघे शेतकरी, एक शाळामास्तर, एकाचे किराणा दुकान, आणि पाचवे नाना. नाना आमच्यात वडील. गेली अकरा वर्षे ते रोज दोन वेळा इन्शुलिन टोचून घेतात. पाच जणांत मिळून एक जुनी जीप आहे, चारही चाकांना ओढ असलेली. सुगी आटोपली की आम्ही ती बाहेर काढतो. कधी शेलबारीचा घाट ओलांडून ताहाराबादेवरून साल्हेरच्या पायथ्याशी जावे, कधी दहिवेलवरून कोंडाईबारी उतरून नवापूर गाठावे व तेथून डांगात शिरावे, कधी तापी ओलांडून सातपुड्यात तोरणमाळ, धडगाव करावे, असा आमचा क्रम. मुक्काम तंबूत, स्वयंपाक तीन दगडांच्या चुलीवर. या हौसेला पेटी कशाला हवी, असे आपण म्हणाल. आम्हीही तेच म्हणत होतो. दशम्या, शेव, ठेचा आणि लोणचे एवढ्या शिदोरीवर आपले वाडवडील पंढरपूरपर्यंत जाऊन आले. त्यांना फ्रिज लागला नाही. मात्र इन्शुलिनची दशमी करता येत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही तोरणमाळास निघालो. बेत सहा दिवसांचा होता. नानांच्या औषधासाठी एका मोठ्या शहरातील दुकानातून एक सुबक पेटी आणली होती. वजनाला हलकी, आवाज नाही, आणि गाडीत सिगारेट पेटविण्याची जी खोबण असते तीत वायर खोचली की झाले. दुकानदाराने सांगितले की ही पेटी थंडही करते आणि गरमही करते. ते त्याचे बोलणे इतके खरे ठरेल असे आम्हांस वाटले नव्हते. वाटेत प्रकाशे येथे तापीच्या काठी थांबलो. देवदर्शन झाले, जेवण झाले, सावलीत जरा डोळा लागला. जीप मात्र उन्हात, काचा बंद करून, चार तास उभी. किल्ली काढली की त्या खोबणीतली वीजही बंद होते, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. उन्हात बंद उभ्या गाडीत हवा सहज ६० अंशांच्या घरात जाते. पेटीच्या तळाशी जो पंखा उष्णता बाहेर टाकावयाचा तो थांबलेला. संध्याकाळी झाकण उघडले तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ आली.

औषधाच्या कुप्या दिसावयास पूर्वीसारख्याच होत्या. इन्शुलिन बिघडले की ते प्रत्येक वेळी दिसतेच असे नाही. नाना म्हणाले, "काही होत नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या यंत्रावर साखर ३४० दाखवू लागली. तोंडाला कोरड, पाय गळाल्यासारखे, आणि बोलण्यात एक प्रकारचा चिडखोरपणा, जो नानांच्या स्वभावात नाही. आम्ही तोरणमाळ तसेच सोडले, घाट उतरून शहादे गाठले, डॉक्टरांना दाखविले, नवीन कुपी घेतली. डॉक्टर एवढेच म्हणाले, "हे औषध तुम्ही शिजवून आणलं आहे." परतीच्या वाटेवर जीपमध्ये कोणी कोणाशी बोलले नाही. नानांनी मात्र पिंपळनेर जवळ आल्यावर विचारले, "पुढच्या वर्षी कुठे जायचं?" त्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे म्हणून आम्ही या पेटीच्या विद्येत शिरलो.

आता ती विद्या सांगतो. बाजारात थंड पेटी या नावाखाली चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्या एकमेकींच्या बहिणीही नव्हेत.

पहिली सर्वांत जुनी, म्हणजे नुसती बर्फाची पेटी. तिच्यात यंत्र नाही; जाड भिंती आणि घट्ट झाकण एवढेच तिचे भांडवल. हिला कमी लेखू नये. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे जहाज तळ्यावरचा बर्फ भरून निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले. निघताना १८० टन बर्फ होता, पोहोचला तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. मध्ये विषुववृत्त दोनदा ओलांडलेले! हे साधले ते लाकडाच्या भुशाने व गवताने. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात बर्फाची लादी भुशात लोळवून गोणपाटात बांधतात, ती हीच युक्ती. आज भुशाच्या जागी फेस भरलेला असतो, तत्त्व तेच.

या पेटीचा हिशेब असा. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. सुमारे ४० लिटरची पेटी, भिंती चार सेंटिमीटर जाड, बाहेर ४५ अंश व आत ५; अशा पेटीत आपल्या उन्हाळ्यात दिवसाला साधारण सहा ते सात किलो बर्फ नुसता भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेने वितळतो. झाकण उघडझाप निराळी. म्हणजे दोन दिवसांच्या सहलीला पंधरा किलो बर्फ घेतला की काम भागते. दोन दिवसांच्या सहलीस निघणाऱ्यांनी यापलीकडे एक पैसाही खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिसऱ्या दिवशी मात्र धडगावच्या पुढे बर्फ कोठे शोधणार?

येथे आणखी एक हिशेब सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तो आम्हांस पुष्कळ उशिरा उमजला. दहा लिटर कोमट झालेले, म्हणजे ४० अंशांचे पाणी ५ अंशांवर आणावयाचे तर ३५० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. त्यास जवळजवळ साडेचार किलो बर्फ खर्ची पडतो. लोक उन्हात तापलेल्या बाटल्या पेटीत कोंबतात आणि मग पेटी वाईट म्हणून तक्रार करतात. पेटी थंडी राखण्यासाठी असते. जे ठेवावयाचे ते आदल्या रात्री घरच्या फ्रिजमध्ये गार करून मग ठेवावे.

दुसरी पेटी म्हणजे आमच्या तोरणमाळच्या फजितीची नायिका. हिच्यामागचे तत्त्व मोठे गमतीचे आहे. पॅरिसमधील पेल्टिए नावाच्या गृहस्थाने, हा मूळचा घड्याळजी, १८३४ साली असे पाहिले की दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज सोडली तर एक सांधा थंड होतो व दुसरा गरम. विजेची दिशा उलटी केली की थंडीची बाजूही उलटते. म्हणून ही पेटी गार व गरम दोन्ही करते. हिच्यात काँप्रेसर नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. पण हिची धाव बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी कमी, एवढीच. पुण्यात पावसाळ्यात बाहेर २५ अंश असता ती आत ८ अंश दाखवील आणि घेणारा खूष होईल. आमच्या धुळे जिल्ह्यात वैशाखात बाहेर ४३ अंश असता आत २५ च्या खाली जाणार नाही. शिवाय ही पेटी थांबत नाही. चार-पाच अँपिअर वीज अखंड खाते. चोवीस तासांत शंभर अँपिअर-तासांहून अधिक झाले. एवढ्यात जीपची बॅटरी निजधामास जाते. आंब्याच्या दिवसांत खानदेशात ही पेटी म्हणजे पंख्याची टोपली समजावी.

तिसरी आता क्वचित दिसते. १९२२ साली स्टॉकहोममध्ये प्लाटेन व मुंटर्स नावाच्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी उष्णतेवर चालणारा फ्रिज शोधून काढला. त्याला गॅस किंवा रॉकेलची ज्योत दिली की तो थंडी करतो. ज्योतीने थंडी! वीज न पोहोचलेल्या गावांतून असे रॉकेलचे फ्रिज एकेकाळी दवाखान्यांत होते. पण त्यातील द्रव आपापल्या वजनाने वाहतो, म्हणून तो सपाट जागी उभा असावा लागतो. शेलबारीच्या चढणीवर, एक चाक खड्ड्यात असताना, त्याच्याकडून काही अपेक्षा करणे म्हणजे बैलाकडून दुधाची अपेक्षा. आणि धावत्या गाडीत ज्योत ठेवण्याचे नाव तर घेऊच नये.

चौथी, खऱ्या अर्थाने फ्रिज म्हणावी अशी, ती काँप्रेसरची पेटी. घरच्या फ्रिजचेच यंत्र, पण १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारे आणि धक्के सोसणारे. चालू असताना ती चारएक अँपिअर घेते, पण हवी तेवढी थंडी झाली की थांबते. आमच्या हवेत ती साधारण निम्मा वेळ चालते, म्हणजे दिवसास ४० ते ५० अँपिअर-तास. बाहेर कितीही तापो, आत ४ अंश म्हटले की ४ अंश. किंमत मात्र अशी की तेवढ्यात घरचा मोठा फ्रिज येतो आणि वर किराणा येतो. आमचे दुकानदार स्नेही किंमत ऐकून म्हणाले होते, "यापेक्षा नानांना घरी ठेवू." ते अर्थातच थट्टेने म्हणाले. नाना हसले नाहीत.

आम्ही वर्गणी काढून काँप्रेसरची पेटी घेतली. श्रोतेहो, आपणांस वाटेल की येथे गोष्ट संपली. येथे आमची दुसरी चूक सुरू झाली.

पेटी आली ती आम्ही ४० लिटरची घेतली, मोठी बरी म्हणून. नुसती रिकामी उचलावयास दोघे लागत. पहिल्याच फेरीला, डांगात जाताना, तीत ताक भरले, दूध भरले, एक डझन आंबे भरले आणि मध्ये कोठेतरी नानांचे औषध. उष्णतेची धास्ती मनात बसलेली. म्हणून कळ फिरवून आकडा शून्याच्याही खाली नेला, जितके गार तितके बरे! दुसऱ्या सकाळी नानांनी कुपी काढली. भिंतीला टेकून राहिलेल्या दोन कुप्यांत औषधाचा बर्फ झाला होता. एक म्हणाला, "उन्हात ठेवू, वितळेल." बर्फ वितळला, परंतु औषध गेले ते गेलेच. इन्शुलिन एकदा गोठले की पुन्हा पातळ झाल्यावर ते पाण्यासारखे दिसले तरी त्याचा भरवसा उरत नाही. ते फेकावेच लागते. तिसरी कुपी नानांच्या खिशात होती म्हणून निभावले. तोरणमाळास उष्णतेने जे केले तेच डांगात थंडीने केले. त्या दिवशी नाना प्रथमच रागावले. "तुम्ही माझ्यासाठी पेटी घेतली की ताकासाठी?" असे त्यांनी विचारले. प्रश्न योग्य होता आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते.

इन्शुलिन १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी हाती आणले, आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलास टोचले गेले. त्यापूर्वी ज्या मुलांना हा रोग जडे ती वाचत नसत. शंभर वर्षे होऊन गेली तरी या औषधाचा स्वभाव नाजूकच आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावयाची. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, पण हवा २५ किंवा ३० अंशांवर जाता कामा नये. नेमके किती ते वेष्टनावर छापलेले असते आणि डॉक्टर सांगतात. आमच्या ऐकिवावर कोणी जाऊ नये. सांगावयाचे ते हे की या औषधाला वरची मर्यादा आहे तशीच खालचीही आहे. पेटी विकणारा फक्त किती खाली जाते ते सांगतो. वजा वीस, वजा बावीस. ती २ ते ८ च्या मधे स्थिर राहते की नाही हा खरा प्रश्न, आणि तो आम्ही दुकानात विचारलाच नव्हता.

हे आम्हांस शिकविले कोणी? एखाद्या यंत्रज्ञाने नव्हे. आपल्या पश्चिम पट्ट्यातील एका डोंगरी गावी, पाड्यावर लस देण्यास निघालेल्या एका आरोग्यसेविकेने. तिच्या खांद्याला निळी पेटी होती, शाळेच्या डब्याहून थोडी मोठी. आम्ही आमच्या पेटीची कथा तिला सांगितली. ती हसून म्हणाली, "नाना, बर्फाला आधी घाम येऊ द्यायचा. फ्रीजरमधून काढलेला गोळा तसाच लसीजवळ ठेवला तर लस गोठते. थोडा वेळ बाहेर ठेवायचा, मग कानाशी धरून हलवायचा. आत पाणी वाजलं की भरायचा." तिने पेटी उघडून दाखविली. चार बाजूंना चार बर्फाच्या चपट्या बाटल्या, मध्ये लसीच्या कुप्या. पाणी सुटू लागलेला बर्फ शून्य अंशावर असतो, त्याखाली नाही. आणि तो संपेपर्यंत आतली हवा त्याच्या आसपास राहते. यात यंत्र नाही, वीज नाही, वायर नाही. पोलिओची लस गोठली तरी चालते, पण पाच रोगांवरची जी एकत्र लस बालकांना देतात ती किंवा काविळीची लस गोठली की निकामी होते, हेही तिनेच सांगितले. आपल्या देशात १९८५ साली सार्वत्रिक लसीकरणाची मोहीम सुरू झाली, आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. त्या यशात डॉक्टर आहेत, सरकार आहे. पण आम्हांस तेव्हापासून ती निळी पेटी व कानाशी धरून हलविलेली बाटलीच आठवते. आमच्या पाच जणांच्या वर्गणीच्या यंत्रापेक्षा तिला थंडी अधिक कळत होती.

त्यानंतर आम्ही विचार उलट्या बाजूने केला. पांझरेच्या फडावर आपले लोक काय करीत आले? आधी बंधाऱ्यात पाणी किती ते पाहावयाचे, मग कोणत्या फडात कोणते पीक ते ठरवावयाचे. आधी ऊस लावून मग पाणी शोधीत नाहीत. पेटीचेही तसेच. आधी जीपमध्ये वीज किती, दिवस किती आणि ज्याला खरोखर थंडी हवी अशी वस्तू कोणती, ते ठरवावे. लिटर मग आपोआप ठरतात. आम्ही यादी केली. औषध: थंडी हवीच. दूध: एक दिवसाचे. ताक: हवेसे वाटते, पण सुटते. आंबे: आंब्याला फ्रिज लागत नाही, पेंढा लागतो. पाणी: मातीच्या घागरीत ओले फडके गुंडाळून उत्तम गार होते, कारण आपली उन्हाळी हवा कोरडी आहे, हीच घागर कोकणात नेली तर रुसून बसते. पाहता पाहता ४० लिटरची गरज १५ लिटरवर आली. मोठी पेटी आम्ही एका दूधवाल्यास विकली. तो तीवर अतिशय खूष आहे. लहान पेटी घेतली, ती एका माणसास उचलता येते आणि वीजही कमी खाते. ताकासाठी जुनी बर्फाची पेटी आहे. ज्याच्या त्याच्या घरी ज्याचे त्याने राहावे.

घेताना काय पाहिले तेही सांगतो. या यंत्रांना कोणत्या हवामानात चालावे याची प्रत ठरलेली असते. समशीतोष्ण प्रत ३२ अंशांपर्यंत, उपोष्ण ३८ पर्यंत, आणि उष्ण प्रत, जिच्यावर 'टी' हे अक्षर असते, ती ४३ पर्यंत. आपल्याकडे घेताना 'टी' नसेल तर पुढे बोलूच नये. आणि 'टी' असली तरी बंद गाडीतील ६० अंश तिच्या करारात नाहीत हे ध्यानात धरावे. जीप सावलीत उभी करावी, काच बोटभर उघडी ठेवावी. पेटीच्या ज्या अंगाने गरम हवा बाहेर पडते ते अंग मोकळे हवे. आमच्या एका मित्राने तेथे आपली वळकटी टेकविली होती; पेटी रात्रभर धापा टाकीत राहिली व सकाळी बॅटरी खलास.

वायरीविषयी दोन शब्द, कारण निम्म्या पेट्या वायरीपायी बदनाम होतात. पेटी मागे, बॅटरी पुढे. जाऊन-येऊन दहा मीटर तांबे झाले. दीड चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीतून पाच अँपिअर नेले तर वाटेतच अर्धा व्होल्टहून अधिक गळतो. बॅटरीवर १२.२ असले तरी पेटीला ११.६ दिसतात. चांगल्या पेटीत बॅटरी वाचविण्यासाठी एक पहारेकरी असतो. व्होल्ट खाली आले की तो पेटी बंद करतो. बिचारा आपले काम करतो आणि लोक म्हणतात, पेटी बिघडली. सहा चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, बॅटरीपाशी फ्यूज लावून, थेट मागे आणली की हा गळ दीड दशांश व्होल्टच्या आत येतो. सिगारेटच्या खोबणीला आम्ही आता हात लावीत नाही.

आणि बॅटरी दुसरी असावी. इंजिन सुरू करणारी बॅटरी ही कुस्तीगीर आहे. एका झटक्यात जोर लावील, पण रात्रभर ओझे वाहण्याची तिची जात नव्हे. तिला निम्म्याखाली उतरवू नये. ७० अँपिअर-तासांची असेल तर मोठ्या पेटीने पाऊण दिवसात ती मर्यादा गाठली जाते, आणि मग सातपुड्यात जीप ढकलण्याचा व्यायाम होतो. दुसरी, खोल उतरू शकणारी बॅटरी पेटीसाठी निराळी ठेवावी. हल्लीच्या लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या असतात, पण ऊन त्यांनाही सोसत नाही. जीपच्या टपावर शंभर वॉटची सौर तावदाने असतील तर आपल्या स्वच्छ उन्हात दिवसास तीसएक अँपिअर-तास सहज मिळतात. ऊन आपल्या खानदेशाला देवाने भरपूर दिले आहे. जे औषध शिजविते तेच त्याला गारही ठेवते, याचे आम्हांस अजून नवल वाटते.

शेवटची वस्तू सर्वांत स्वस्त. एक तापमापक, जो दिवसभरातील सर्वांत जास्त व सर्वांत कमी दोन्ही आकडे लक्षात ठेवतो. पेटीच्या झाकणावरचा आकडा हा तिच्या भिंतीचा आकडा असतो, कुपीचा नव्हे. आम्ही तापमापकाची तार नानांच्या डब्यातच सोडतो. डबा भिंतीपासून चार बोटे दूर, खाली लाकडाची फळी, डब्याभोवती जुने सुती लुगडे. पेटी ५ अंशांवर लावलेली. रोज सकाळी नाना आकडे वहीत टिपतात. आणि एक कुपी नेहमी पेटीबाहेर, निराळ्या मातीच्या ओल्या भांड्यात असते. यंत्र काय, आज आहे उद्या नाही. आमची दोन शेतकरी मंडळी निघताना आता एकच प्रश्न विचारतात, आपल्या अहिराणीत, "नाना, वही लिधी का?" पेटी घेतली का, असे विचारीत नाहीत.

मागल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा तोरणमाळास गेलो. सहा दिवस. वहीत सर्वांत जास्त आकडा ७.६ आहे आणि सर्वांत कमी ३.१. चौथ्या दिवशी यशवंत तलावाच्या काठी नानांनी साखर पाहिली, १४०. मग त्यांनी आमच्या ताकाच्या पेटीतून पेलाभर ताक मागून घेतले.

आमचे बोलणे संपले. काही श्रोत्यांनी चिठ्ठ्या पाठविल्या आहेत, त्यांत बहुतेकांनी किंमत विचारली आहे. ती अध्यक्षांच्या देखत सांगण्यापेक्षा बाहेर सांगू. पेटी जीपमध्ये, वाचनालयाच्या भिंतीलगत सावलीत ठेवली आहे. सकाळी नऊपासून इंजिन बंद आहे. आखाजी तोंडावर आली आहे, तेव्हा ऊन कसे आहे ते आपण जाणताच. झाकण उघडू नये, तापमापक बाहेरून दिसतो. नाना तेथेच खुर्ची टाकून बसले आहेत. वही त्यांच्याजवळ आहे.